रांगोळीतून गेलेलं पिल्लू

ऑक्टोबर अर्धा सरला की सरोजिनी नगरच्या आमच्या कॉलनीत सातवीण फुलते आणि माझं डोकं दुखायला लागतं. दिल्लीकरांना या वासाचं भारी कौतुक. संध्याकाळी फिरायला निघालेली मंडळी झाडाखाली थांबून छातीभर श्वास घेतात, "सर्दियाँ आ गईं" म्हणतात, आणि मी ओढणी नाकाशी धरून भाजीची पिशवी सावरत घरी पळते. तो वास जिन्याने माझ्यामागोमाग वर येतो, पडद्यांत शिरतो, उशीवर येऊन बसतो. अर्थात डोकेदुखीचं खापर मी झाडावर उगाच फोडते. सातवीण फुलली म्हणजे दिवाळी जवळ आली, आणि दिवाळी जवळ आली की मला एक बेट आठवतं.

बेटाचं नाव मी सांगणार नाही. अंदमानातलं एक लहानसं बेट, एवढं पुरे. नाव सांगितलं की कोणीतरी कॅमेरा घेऊन तिथे जाईल, आणि कॅमेरा घेऊन गेलेली एक बाई तिथे काय करून आली ते मला चांगलं ठाऊक आहे.

सहा वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याची, मिलिंदची, तिथे वर्षभरासाठी बदली झाली होती. केंद्र सरकारची नोकरी, जेट्टीच्या दुरुस्तीचं काम. आमची जुई तेव्हा सहा वर्षांची होती. आज ती बारा वर्षांची आहे, माझ्या खांद्याला लागते, आणि मराठी बोलता बोलता मधेच हिंदीच्या गल्लीत शिरते. गेल्या आठवड्यात तिने माझ्याकडे एक फोटो मागितला. आमच्या मराठी मंडळाच्या मुलांचं दिवाळीनिमित्त चित्रांचं आणि फोटोंचं प्रदर्शन होतं, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका हॉलमध्ये.

"आई, तो कासववाला फोटो दे ना. बेस्ट आहे तो. मी खाली लिहिणार, आमची दिवाळी बघायला आलेला पाहुणा."

"दुसरा घे ना एखादा. खंड्याचा घे."

"खंड्या बोअरिंग आहे, यार. तू वाचवलंस ना त्याला? मग?"

मी कढईत चकल्या सोडत होते. एक चकली तुटली. मी म्हटलं, देते. आणि नंतर तीन दिवस दिला नाही.

आमच्या घरात या फोटोची एक गोष्ट आहे. ती गोष्ट जुईला फार आवडते, सासूबाईंना आवडते, घरी येणाऱ्या प्रत्येकाला आवडते. ती किती खोटी आहे, हे फक्त मला माहीत होतं.

त्या वर्षाची आठवण आली की आधी आठवतो तो उजेड. बेटावर घड्याळ दिल्लीचं आणि सूर्य ब्रह्मदेशाचा. पहाटे पाचला लख्ख सकाळ, आणि संध्याकाळी पाचला दिवेलागण. पहिले पंधरा दिवस आम्ही तिघंही भांबावल्यासारखे होतो. जुई साडेसहाला डोळे चोळत विचारायची, "दुपार झाली का?" दुपारचा चहा प्यायला बसावं तर बगळे घरी परतत असायचे. मग हळूहळू आम्ही घड्याळाकडे बघणं सोडलं. दिवस समुद्राच्या पाण्यावर मोजायला लागलो. ओहोटी लागली की मी आणि जुई बाहेर, भरती आली की घरात. भरती आणि ओहोटी हे शब्द ती तिथे शिकली. दिल्लीत परतल्यावर दोन वर्षांत विसरली. इथे कुठलं पाणी चढतं-उतरतं? आमच्या टाकीतलं, तेवढंच.

क्वार्टर समुद्रापासून चाळीस पावलांवर होता. पत्र्याचं छप्पर, पुढे सिमेंटचा लांब व्हरांडा, मग वाळू, मग केवड्याची गर्दी आणि त्यातून गेलेली एक पायवाट. भाजी बोटीने यायची, आठवड्यातून दोनदा, समुद्राची मर्जी असेल तर. बोट चुकली की आम्ही डाळ-भात आणि नारळ, नारळ आणि डाळ-भात. मोबाइलला रेंज फक्त जेट्टीच्या शेवटच्या बाकावर मिळायची, म्हणून त्या बाकावर कायम कोणीतरी आपल्या मेनलँडवरच्या घराशी ओरडून बोलत असे. सगळ्या बेटाची सुखदुःखं आम्हाला अशी फुकटात कळत.

आणि रोजची साहसं! न्हाणीघरात घोरपड सापडण्याचं साहस. वाळत घातलेल्या मोज्यात शंखातला खेकडा जाऊन बसल्याचं साहस. एकदा असाच एक खेकडा आमच्या टूथपेस्टचं टोपण पाठीवर घेऊन व्हरांड्यातून चालत गेला. त्याला शंख मिळाला नसावा. जुई त्याच्यासाठी दोन दिवस किनाऱ्यावर चांगलासा शंख शोधत होती. तिने तीन शंख टोपणाशेजारी ओळीने मांडून ठेवले. सकाळी टोपण रिकामं होतं आणि मधला शंख गायब. तो आनंद मी नंतर कुठल्याच निकालाच्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर पाहिला नाही.

कॅमेरा मी बदलीच्या आनंदात घेतला होता, किंवा बदलीच्या धास्तीने. दोन्ही खरं. दमट हवेत भिंगाला बुरशी धरते म्हणून तो तांदळाच्या डब्यात ठेवायचा, असं तिथल्या शेजारणीने सांगितलं. त्यामुळे आमच्या घरात भात लावायचा तर आधी कॅमेरा बाहेर काढावा लागे, आणि फोटो काढायचा तर आधी भिंगाच्या कडेला अडकलेले तांदूळ झटकावे लागत. मी तासन्‌तास खाजणाच्या कडेला बसे. चिखलातून उड्या मारणारे डोळेबाहेरे मासे, वाळक्या फांदीवरचा खंड्या, संथ पाण्यावरून काहीही घाई नसल्यासारखा जाणारा समुद्रगरुड. पाय सुन्न व्हायचे, डास फोडून काढायचे, पण मला वाटायचं की मी पहिल्यांदाच काहीतरी नीट बघते आहे. बघणं म्हणजेच माया करणं, असा माझा तेव्हा समज झाला होता. चाळिशीला टेकलेल्या बाईला असे समज शोभत नाहीत, पण होतात.

एतवा काका रोज सकाळी आमच्या दारावरून जायचे. पन्नाशीचे, काटक, खांद्यावर गमछा, हातात बांबूच्या काठ्यांची मोळी. त्यांचे आजोबा छोटा नागपूरहून जंगलतोडीच्या कामाला बेटावर आले आणि तिथलेच झाले. काकांचं काम कासवांचं. रात्री कासवीण वाळूत अंडी घालून गेली की सकाळी तिच्या पायांचे माग बघत ते घरटं शोधायचे आणि चारी बाजूंनी काठ्या रोवायचे. आमच्या केवड्याच्या वाटेच्या तोंडाशीही अशा चार काठ्या होत्या. दिवाळीच्या आधी ते प्रत्येक घरी सांगून गेले, "मैडम, बच्चा निकलने का टाइम है। रात को बाहर का बत्ती बंद रखना।"

आम्ही सरकारी माणसं. सूचना पाळण्यात आमचा हात कोण धरेल? मिलिंदने त्याच दिवशी व्हरांड्याचा बल्ब काढून ठेवला. स्वयंपाकघराच्या खिडकीला मी जुनी चादर लावली. शेजारच्या घरातला दिवा दिसला तर मी जुईला पाठवून "आँटी, बत्ती" असं सांगायला लावायची. आणि धनत्रयोदशीच्या संध्याकाळी, हे सगळं चोख पार पाडून, आम्ही व्हरांड्यात आकाशकंदील लावला.

मिलिंदने तो स्वतः केला होता. बेटावरच्या बांबूच्या कामट्या, दिल्लीहून ट्रंकेच्या तळाशी घालून आणलेला केशरी पतंगी कागद, खाली पांढऱ्या झिरमिळ्या. तो पेटला तेव्हा मला रडू आलं. हजारो मैलांवर आपलं घर उघडावं आणि आत आपलीच माणसं असावीत, तसं काहीतरी वाटलं. कंदील रात्रभर ठेवायचा असतो, म्हणून रात्रभर ठेवला. तो दिवा आहे, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. खरंच आलं नाही. दिवा म्हणजे बल्ब, ट्यूब, टॉर्च. कंदील म्हणजे दिवाळी. त्याच्याखाली मी ठिपक्यांची मोठी रांगोळी काढली.

नरकचतुर्दशीला चारच्या सुमारास उठले. पाणी तापत ठेवलं, जुईला उठवून तेल लावलं, उटणं लावलं. ती मोरीत पाटावर बसून पेंगत होती. मिलिंद विहिरीवरून बादल्या आणत होता, घराच्या मागच्या बाजूने. मी पणती लावायला म्हणून पुढचं दार उघडलं.

रांगोळीत काहीतरी चालत होतं.

काळं, माझ्या तळहातावर मावेल एवढं. दोन्ही वल्ह्यांसारखे पाय एकदम पुढे टाकत ते रांगोळीच्या मधोमध आलं होतं, आणि त्याच्या मागे रंगांमधून एक नाजूक वेलबुट्टी उमटली होती. वर कंदील. त्या केशरी उजेडात पिल्लाची ओली पाठ चमकत होती. आयुष्यात इतकं सुंदर मी काही पाहिलेलं नव्हतं, आणि मी धावत आत गेले, तांदळाचा डबा उघडला आणि कॅमेरा काढला.

व्हरांड्यात पालथी पडून मी फोटो काढले. पिल्लू कंदिलाच्या उजेडात गोल गोल फिरत होतं. थांबत होतं, मान उचलत होतं, पुन्हा निघत होतं. मला वाटलं, अजून एकदा वळू दे, अजून एकदा मान उचलू दे. पायऱ्यांखाली वाळूत सळसळ होत होती, ती मी ऐकली. वस्तीतला कुत्रा तिथे काहीतरी हुंगतोय, तेही दिसलं, डोळ्याच्या कोपऱ्यातून. पण माझा एक डोळा मिटलेला होता आणि दुसरा कॅमेऱ्यात होता.

मग मान वर केली. उजाडायला लागलं होतं. पायऱ्यांवर, वाळूत, व्हरांड्यालगतच्या नाल्याच्या कडेला, सगळीकडे पिल्लंच पिल्लं होती, काही चालत होती आणि बरीचशी थांबलेली होती. मी किंचाळले. मिलिंद आला, उटणं फासलेली जुई आली, मी फराळाची परात रिकामी करून आणली आणि आम्ही तिघं ती गोळा करत सुटलो. किनाऱ्यावरून एतवा काका धावत आले. त्यांनी आधी कुत्र्याला हाकललं, मग माझ्याकडे पाहिलं.

"मैडम, बत्ती तो बंद बोला था न?"

"बंद ही थी, काका। देखिए, बल्ब भी निकाल दिया है।"

त्यांनी वर बघितलं. "तो ये क्या है?"

"ये तो..." मी म्हटलं. "ये तो कंदील है।"

मिलिंदने स्टूलसुद्धा न घेता हात उंचावून कंदील ओढून काढला. काका परातीतली पिल्लं निरखत म्हणाले, "ये लोग उजाला देख के चलता है। समुंदर का उजाला होता है न, थोड़ा सा, उसी को देख के।" एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

परातीत एकतीस होती. घरट्यातल्या टरफलांवरून काका म्हणाले, सौ के ऊपर निकला होगा. पाण्यापासून थोडं अलीकडेच ती सोडायची, शेवटचं अंतर त्यांनी स्वतः चालायचं, असं त्यांनी जुईला शिकवलं. ती वाकून एकेकाला वाळूवर ठेवत होती आणि "जा, जा" म्हणत होती. तीस गेली. एकतिसाव्याच्या पायांना गुलाबी रांगोळी लागली होती. काकांनी ते तळहातावर घेतलं, थोडा वेळ बघितलं आणि गमछ्याच्या टोकात ठेवलं. "ये थक गया," ते मला हळूच म्हणाले. जुई तेव्हा पाण्याकडे बघत टाळ्या वाजवत होती.

त्या दुपारी मिलिंदने जेट्टीच्या बाकावरून आईला फोन केला. "आई, गंमत माहितीये? कासवाची पिल्लं आमची दिवाळी बघायला आली! हिने परातीत घालून समुद्रात पोहोचवली." त्याने ते कुत्र्याचं, नाल्याचं का सांगितलं नाही, ते मला कळतं. लेक शेजारी उभी होती. पण गोष्ट तिथे जन्मली आणि आमच्याबरोबर विमानात बसून दिल्लीला आली. कंदीलही आला. स्वतःच्या हाताने केलेली वस्तू मिलिंदच्याने टाकवत नाही. तो सहा वर्षं माळ्यावर आहे, आणि दर दिवाळीला जुईने विचारलं की मी सांगते, बाल्कनीला हूक नाही, वायर खराब आहे, लावू पुढच्या वर्षी.

मिलिंदलाही नऊ मिनिटांचं माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण कॅमेरा प्रत्येक फोटोची वेळ लिहून ठेवतो. पहिला फोटो चार एकतीसचा. शेवटचा चार चाळीसचा. मधे अठ्ठावन्न फोटो. ज्या फोटोचं सगळे कौतुक करतात तो त्रेचाळिसावा आहे. मी खूपदा हिशेब करते. नऊ मिनिटांत चाळीस पावलं किती वेळा जाऊन येता येतं? मला त्या फोटोची लाज वाटते, आणि तो माझा सगळ्यात चांगला फोटो आहे. दोन्ही गोष्टी मी कोणाला सांगितलेल्या नव्हत्या.

तर यंदा सातवीण फुलली आणि जुईने फोटो मागितला. तिसऱ्या दिवशी ती जेवणाच्या टेबलावर कार्डपेपर घेऊन बसली होती. निळ्या स्केचपेनने लिहून झालं होतं, आमची दिवाळी बघायला आलेला पाहुणा. खाली बाजारातल्या फेरीवाल्यांचा आरडाओरडा चालू होता, खिडकीतून तो वास येत होता. मला एकदम वाटलं की आज हे कार्ड भिंतीवर लागलं तर ही पोर जन्मभर एका खोट्या आईवर माया करत राहील.

"जुई, ते दिवाळी बघायला आलं नव्हतं."

"मतलब?"

मी फोटो आणून तिच्यापुढे ठेवला आणि सांगितलं. कंदील, कुत्रा, तांदळाचा डबा, सगळं. ती पेनाचं टोपण लावत आणि काढत ऐकत होती.

"हेवालं पोहोचलं ना पण?" तिने फोटोवर बोट ठेवलं.

"नाही."

"किती वेळ काढत होतीस फोटो?"

"नऊ मिनिटं."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली. "नऊ मिनिटं खूप असतात, आई," ती म्हणाली आणि फोटो घेऊन खोलीत गेली.

त्यानंतर ती माझ्याशी थेट बोलेनाशी झाली. "बाबा, आईला सांग, डब्यात पराठा नको." "बाबा, आईला विचार, माझं स्वेटर कुठंय." मिलिंदने मला विचारलं, काय झालं? मी त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "अगं, कंदील तर मी केला होता." एवढं बोलून तो चहा करायला उठला. नवरे कधीकधी बरे वागतात.

प्रदर्शनाला मी घाबरतच गेले. फोटो नसेल, असंच मी धरून चालले होते. पण तो होता, कोपऱ्यात, दोन किल्ल्यांच्या चित्रांच्या मधे. निळं कार्ड नव्हतं. साध्या पांढऱ्या कागदावर जुईच्या अक्षरात लिहिलं होतं: "हे पिल्लू समुद्रापर्यंत पोहोचलं नाही. कंदील आमचा होता. फोटो माझ्या आईने काढला. तिनेच मला खरं सांगितलं."

मंडळातल्या एक काकू वाचून म्हणाल्या, "सणासुदीला कशाला बाई असलं?" मला शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा वाचायचं होतं, आणि डोळ्यांत पाणी आल्यामुळे नीट वाचता येत नव्हतं.

आज नरकचतुर्दशी. पहाटे उठून पाणी तापत ठेवलं तर बैठकीच्या खोलीत खुडबुड ऐकू आली. जुई स्टूलवर उभी होती. माळ्यावरचा कंदील तिने खाली काढला होता. कागद एका बाजूने फाटलेला, निम्म्या झिरमिळ्या गळालेल्या. पंख्याच्या हुकाला सुतळीने बांधून, खोलीच्या मधोमध, तिने तो लटकवला होता.

"बाल्कनीत नाही लावायचा?" मी विचारलं.

"नाही. आत." सहा दिवसांत ती माझ्याशी थेट बोललेलं ते पहिलं वाक्य.

तिने बटण दाबलं. तोच केशरी उजेड सोफ्यावर, पुस्तकांवर, तिच्या उटणं लावलेल्या गालांवर पडला. मग ती एकेक खिडकी बंद करत गेली. पडदे ओढले. दोन पडद्यांच्या मधली फट कपड्यांच्या चिमट्यांनी बंद केली. दाराखाली पायपुसणं सरकवून ठेवलं. मी नुसती बघत होते.

"तू इथेच थांब," असं म्हणून ती चपला सरकवून खाली पळाली. मी पडद्याआड कान देऊन उभी राहिले. बाहेर सगळ्या कॉलनीवर चिनी माळा लुकलुकत होत्या, समोरच्या गच्चीवर निळा-हिरवा झोत फिरत होता, कुठेतरी पहिला फटाका फुटला. समुद्र इथून शेकडो मैल. ती अंगणात सातविणीखाली उभी राहून मान वर करून आमच्या खिडकीकडे बघत असणार, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने.

मग खालून तिचा आवाज आला, "आई, काही दिसत नाहीये!"